मोटारीतील दुमडलेली बैठक आणि काढता येणारा क्लॅम्प

बैलगाडीच्या जुवाला शिवळ असते. हातभर लांबीचा तो लाकडाचा तुकडा, पण तो जागेवर नसेल तर बैल जुवाखाली राहत नाही आणि गाडी चालत नाही. शिवळेचा दुसरा गुण असा की, ती हव्या त्या वेळी काढता येते. काम संपले की शिवळ काढावी आणि बैल मोकळा करावा. घट्ट धरणे आणि सहज सोडणे या दोन्ही गोष्टी ज्या साधनाला साधतात, ते साधन शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना हुकात जी पिन घालतात आणि ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाला जी क्लिप लावतात, तीही याच जातीची होय.

आता शेतकऱ्याच्या दारात बैलगाडीच्या जागी मोटार उभी असते. या मोटारीची मागील बैठक दुमडून तिच्या जागी माल ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. परंतु दुमडलेली बैठक पक्की धरून ठेवण्यासाठी शिवळेसारखे एखादे साधन लागते, याचा विचार फारच थोड्या ठिकाणी केलेला आढळतो. या लहानशा उणिवेतून मोठी हानी संभवते, म्हणून त्यासंबंधी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

प्रश्नाचे स्वरूप

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि त्यानंतरच्या काळात विकास गटाची जीप गावोगाव ओळखीची झाली. बियाणे, खतांचे नमुने, फवारणी यंत्रे, प्रात्यक्षिकांचे साहित्य हे सर्व त्या जीपच्या मागच्या भागातून खेड्यात पोहोचत असे. आज शेतकऱ्याची स्वतःची गाडी तेच काम करते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील टोमॅटोच्या बाजारात २० किलोचा क्रेट हे नेहमीचे माप आहे. मोठा तोडा असेल तर शेतकरी टेम्पो करतो. परंतु हंगामाच्या आरंभी वा अखेरीस आठ-दहा क्रेटच निघतात, तेव्हा घरचीच गाडी काढली जाते. रोपवाटिकेतून भाजीपाल्याच्या रोपांचे ट्रे आणणे, दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचविणे, ठिबक संचाच्या नळ्यांची वेटोळी आणणे, ही कामेही अशीच होतात.

गाडीच्या मागील बैठका साधारणतः तीन प्रकारे दुमडतात. पहिल्या प्रकारात केवळ पाठ पुढे पडून बैठकीवर आडवी होते. दुसऱ्या प्रकारात पाठ आडवी झाल्यावर संपूर्ण बैठक उचलून पुढच्या बैठकीच्या पाठीमागे उभी केली जाते. तिसऱ्या प्रकारात, जीपच्या धर्तीच्या गाड्यांत, दोन्ही बाजूंना समोरासमोर असलेली बाके उचलून भिंतीला लावली जातात. पहिल्या प्रकारात पाठ पुष्कळदा स्वतःच्या वजनानेच पडून राहते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात उभी केलेली बैठक धरून ठेवण्यासाठी कारखान्याने पट्टा, आकडा किंवा खटका दिलेला असतो. गाडी नवी असते तोवर तो नीट चालतो. पुढे माती बसून खटका अडतो, पट्ट्याचे रबर सैल पडते, आकडा वाकतो. मग कासऱ्याचा तुकडा किंवा सुतळी बांधून वेळ निभावून नेली जाते, आणि ती तात्पुरती सोय पुढे वर्षानुवर्षे चालू राहते.

धोका कोठे आहे

खराब रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात उभी बैठक हिसका खाते. दोरीची गाठ हळूहळू सैल होते. शेवटी एखाद्या हिसक्यासरशी बैठक खाली कोसळते. तिच्याखाली कोणाचा हात असेल तर बोटे चिरडतात. मालावर पडली तर फळे फुटतात. आणि त्या आवाजाने चालकाने दचकून मागे पाहिले, तर गाडी रस्ता सोडते. घाट उतरताना सर्व भार पुढे रेटा देत असतो, तेव्हा ही भीती अधिकच असते.

मोठे संकट मात्र ब्रेक आणि टक्कर यांचे आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चालकाने जोराने ब्रेक दाबला, तर मागील प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारे सात-आठ दशांश इतका रेटा पुढच्या दिशेने बसतो. गुळगुळीत तळावर ठेवलेला प्लॅस्टिकचा क्रेट केवळ घर्षणाच्या बळावर या रेट्याला टिकत नाही, तो सरकतो. टकरीचा हिशेब याहून भयंकर आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल तर ती दर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर तोडते. टकरीत पुढचा भाग चेपून ती पाऊण मीटरहून कमी अंतरात, समजा ७० सेंटिमीटरांत थांबली, तर आतील वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. म्हणजे २० किलोचा टोमॅटोचा क्रेट त्या क्षणी २८० किलोच्या जोराने पुढे येतो. २० किलोची सुटी बैठकही तशीच येते. आणि तिच्यापुढे कोण बसलेले असते? घरचा कर्ता पुरुष, बाजाराला निघालेली गृहिणी, किंवा शाळेच्या वाटेवर सोडावयाचे मूल.

मागील मालाच्या रेट्याने बैठकीची पाठ मोडू नये, ही गोष्ट जगभरच्या मोटार-शास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या १७ क्रमांकाच्या नियमात मागील बैठकीच्या चाचणीसाठी प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे सामानाच्या जागेत ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास टकरीचा धक्का देण्याची पद्धत सांगितली आहे. दोन ठोकळे मिळून झाले ३६ किलो. आपण तर त्याच जागेत २०० किलोंचा माल ठेवतो, आणि तोही बैठक दुमडून, म्हणजे माल अडविणारी पाठच बाजूला करून! हे ध्यानात घेतले म्हणजे निष्काळजीपणा किती महाग पडू शकतो हे निराळे सांगावयास नको.

रूढ उपाय व त्यांतील दोष

या अडचणीवर तीन उपाय लोक करतात, आणि तीनही मला मान्य नाहीत.

पहिला उपाय दोरीचा. बांधणीची दोरी शेतकऱ्याला सरावाची असते, म्हणून तिच्यावर त्याचा विश्वास असतो. परंतु नायलॉनची दोरी ताणाखाली लांबते, काथ्याची दोरी पत्र्याच्या धारेवर झिजते, आणि गाठ कोणी व कशी मारली यावर सर्व अवलंबून राहते. दोरी पुढच्या बैठकीच्या डोकेटेकणीच्या गजाला बांधण्याची चाल तर सर्वस्वी चुकीची आहे. कारण त्यामुळे मागचा सारा रेटा पुढे बसलेल्या माणसाच्या मानेमागे जाऊन पोहोचतो.

दुसरा उपाय म्हणजे बैठक कायमची काढून टाकणे, किंवा वेल्डिंग करून दुमडलेल्या स्थितीत पक्की करणे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. कायद्याची बाजू सोडली तरी व्यवहाराची बाजू उरतेच. त्याच गाडीतून उद्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यावयाचे असते. बैठक नसेल तर माणसे तळावर बसतात, आणि तळावर बसलेल्या माणसाला पट्टाही नसतो व आधारही नसतो.

तिसरा उपाय तळाला छिद्रे पाडून बोल्ट मारण्याचा. यासारखा अविचार नाही. पुष्कळ गाड्यांत इंधनाची टाकी मागील बैठकीच्या खालीच असते; ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या तळालगत गेलेल्या असतात. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर तळाखाली मोठ्या दाबाची बॅटरी असते. अशा जागी गिरमिट चालविणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय.

काढता येणारा क्लॅम्प

याउलट काढता-घालता येणारा क्लॅम्प, म्हणजे आपल्या लोहार-सुतारांच्या परिचयाचा शिकंजा, शिवळेचे दोन्ही गुण अंगी बाळगतो. तो गाडीच्या रचनेत कायमचा बदल करीत नाही, गाठीच्या कौशल्यावर अवलंबून राहत नाही, आणि काम झाल्यावर हातोडीवाचून निघतो. मात्र एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. कारखान्याने दिलेला मूळ आकडा वा खटका बिघडला असेल, तर प्रथम तोच दुरुस्त करून घ्यावा किंवा त्या जागी त्याच कंपनीचा नवा बसवावा. क्लॅम्प हा त्याला जोड म्हणून आहे. त्याला पर्याय म्हणून नव्हे.

क्लॅम्पची रचना अगदी साधी असावी. २५ मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड अशा लोखंडी पट्टीच्या दोन पाळ्या कराव्यात. दुमडलेल्या बैठकीच्या सांगाड्याची नळी आणि तिच्या लगत येणारी गाडीची स्थिर नळी वा गज, या दोन्हींना मिळून त्या पाळ्यांनी कवेत घ्यावे. दोन्ही टोकांना ८ मिलिमीटरचा एकेक बोल्ट घालून पाळ्या आवळाव्यात. पाळ्यांच्या आतून जुन्या ट्यूबचे रबर लावावे, म्हणजे पकड घट्ट होते, खडखडाट थांबतो आणि नळीचा रंग खरवडला जात नाही. पट्टीच्या धारा कानशीने घासून गोल कराव्यात.

बोल्टच्या निवडीकडे मात्र दुर्लक्ष होऊ नये. बोल्टच्या डोक्यावर कोरलेले आकडे त्याचा दर्जा सांगतात. ८ मिलिमीटरचा ४.६ दर्जाचा बोल्ट कायमचा न लांबता सुमारे ८०० किलोंचा ताण सोसतो, तर त्याच जाडीचा ८.८ दर्जाचा बोल्ट सुमारे २१०० किलोंचा. किमतीत अंतर थोडे, बळात अंतर अडीच पटींहून अधिक. तेव्हा आकडा वाचूनच बोल्ट घ्यावा. ज्याच्या डोक्यावर काहीच कोरलेले नाही तो घेऊ नये. हाताने फिरविता यावा म्हणून पाकळ्यांचा नट वापरला तर तो हादऱ्याने सैल होतो. त्यासाठी नटाच्या पलीकडे उरलेल्या बोल्टच्या टोकाला बारीक छिद्र पाडून त्यात क्लिप घालावी. या टोकावर भार येत नसल्यामुळे छिद्राने बोल्ट दुबळा होत नाही, आणि नट सैल झाला तरी गळून पडत नाही.

क्लॅम्प कोठे लावावा हा प्रश्न तो कसा करावा याहून महत्त्वाचा आहे. घराच्या दाराची कडी बिजागरीपाशी कोणी बसवीत नाही. ती दुसऱ्या टोकाला असते. हाच न्याय येथे लागू आहे. २० किलोच्या बैठकीचा भारमध्य बिजागरीपासून ४० सेंटिमीटर अंतरावर आहे असे धरू. क्लॅम्प बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर लावला तर तीच बैठक पेलण्यास त्याला ८० किलोंचा जोर सोसावा लागेल. ४० सेंटिमीटरवर लावला तर २० किलोंचाच. हिसका बसला की हे आकडे त्याच प्रमाणात वाढतात. म्हणून बिजागरीपासून शक्य तितक्या दूर, परंतु जेथे दोन्ही बाजूंस पक्के लोखंड आहे अशीच जागा निवडावी. भिंतीला लावलेल्या बाकाच्या बाबतीत खिडकीचा पक्का गज ही जागा पुष्कळदा सोयीची पडते.

ज्या जागी क्लॅम्प लावू नये त्याही सांगून ठेवतो. सुरक्षा-पट्ट्यावर किंवा त्याच्या खिळणीवर लावू नये. पुढच्या बैठकीच्या सांगाड्यावर लावू नये. नळी, वायर किंवा बाजूच्या हवा-पिशवीचे आच्छादन दाबले जाईल अशा ठिकाणी लावू नये. योग्य जागा सापडतच नसेल, तर त्या गाडीला क्लॅम्प सोयीचा नाही असे समजून माल दुसऱ्या वाहनाने न्यावा.

क्लॅम्पची मर्यादा

येथे कोणी असे म्हणेल की, क्लॅम्प लावला म्हणजे झाले. तसे मुळीच नाही. क्लॅम्प बैठक धरतो. माल धरीत नाही. २०० किलोंच्या मालाचा टकरीतील रेटा क्लॅम्पने अडवावा ही अपेक्षाच चुकीची आहे. मालासाठी तळावरील कड्यांना अडकविलेले रुंद, आवळता येणारे पट्टे निराळे हवेत. क्रेट पुढे चिकटवून, एकमेकांत खोचून, खिडकीच्या खालच्या कडेपेक्षा उंच न जाता रचावेत. जड माल तळाशी व हलका वर, हा गाडी भरण्याचा जुना नियम येथेही लागू आहे. गाडीला ठरवून दिलेल्या वजनाची मर्यादा ओलांडू नये.

काही गाड्यांत बैठकीचा अर्धाच भाग दुमडता येतो. उरलेल्या भागावर माणूस बसतो आणि त्याच्या कुशीला क्रेटची रास असते. या माणसाने पट्टा बांधलाच पाहिजे. पुढे तोंड असलेल्या मागील बैठकीवरील माणसानेही पट्टा बांधावा असा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १३८ व्या नियमाचा दंडक आहे. क्रेटवर माणसे बसविणे तर कोणत्याही सबबीखाली क्षम्य नाही. त्याचप्रमाणे कीटकनाशकांच्या बाटल्या आणि भाजीपाला किंवा पशुखाद्य एकाच राशीत नेऊ नये. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणेही अन्नपदार्थांशी व पशुखाद्याशी कीटकनाशकांचा प्रत्यक्ष संपर्क येईल अशी वाहतूक निषिद्ध आहे. शेवटी, घरची गाडी ही घरच्या थोड्या मालासाठी. भाडे घेऊन दुसऱ्याचा माल वाहणे हे खासगी नोंदणीच्या गाडीचे काम नव्हे.

विसरण्याचा दोष

क्लॅम्पला एक खरा आक्षेप आहे, आणि तो मी लपवू इच्छित नाही. माल उतरविल्यावर क्लॅम्प काढला, बैठक खाली पाडली, परंतु तिचा मूळ खटका नीट बसला की नाही हे कोणी पाहिले नाही, तर त्या बैठकीवर बसलेले माणूस टकरीत बैठकीसकट पुढे फेकले जाईल. म्हणजे माल नेण्याच्या फेरीपेक्षा परतीची फेरी अधिक धोक्याची ठरेल. यावर उपाय सवयीचा आहे. क्लॅम्पला लाल किंवा पिवळा ठळक रंग द्यावा. क्लॅम्प लावला की त्याच रंगाची एक फीत चालकाच्या चाकाला बांधावी. बैठक खाली पाडून खटका वाजल्यावर ती दोन्ही हातांनी वर ओढून पाहावी. ती हलली नाही तरच फीत सोडावी. क्लॅम्प पानांच्या पिशवीत ठेवावा, गाडीत सुटा टाकू नये. सुटा पडलेला लोखंडी तुकडा ब्रेकच्या पायटणाखाली गेला तर त्याने होणारा अनर्थ सर्वांत मोठा असेल.

क्लॅम्प लावून निघताना बैठक हाताने जोरात हलवून पाहावी. पहिला किलोमीटर सावकाश जावे, मग थांबून नट पुन्हा आवळावा. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर एकदा हात लावून पाहावे. याला अर्धा मिनिटही लागत नाही.

कार्यकर्त्यांना विनंती

आमच्या विस्तार-कार्यात पीक निघेपर्यंतचा सल्ला भरपूर असतो. पीक शेताच्या बांधावरून बाजारापर्यंत सुखरूप जावे आणि ते नेणारा माणूस सुखरूप परत यावा, याविषयी सल्ला थोडा असतो. माझ्या मते ही आपल्या कामातील उणीव आहे. बियाण्याची उगवण तपासण्याचे प्रात्यक्षिक आपण गावात करतो, त्याच बैठकीत पंधरा मिनिटे गाडीच्या बैठकीसाठी द्यावीत. गावातील दोन-तीन प्रकारच्या गाड्या उभ्या करून प्रत्येकीत योग्य जागा कोणती हे दाखवावे, पुठ्ठ्याचा नमुना कापून तो स्थानिक कारागिराकडे द्यावा. शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीने एकदम पंचवीस-तीस क्लॅम्प करून घेतल्यास काम एकसारखे व स्वस्त होते, आणि बोल्टचा दर्जाही एकाच जागी तपासता येतो. गावातील वेल्डर, लोहार यांनाही यात सामील करून घ्यावे. चुकीची मागणी आली तर प्रथम नकार देणारा माणूस तोच आहे.

मात्र हा उपदेश करण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी स्वतःच्या वाहनाकडे एक नजर टाकावी. मृद्-नमुन्यांच्या पिशव्या, फवारणी पंप, फलकांच्या चौकटी आपल्याही गाडीत दुमडलेल्या बैठकीमागे रचलेल्या असतात. ज्याच्या स्वतःच्या गाडीतील बैठक सुतळीने बांधलेली आहे, त्याचे व्याख्यान शेतकरी ऐकून घेईल, पण मानणार नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, टोमॅटोचा भाव आज पडतो, उद्या चढतो. एखाद्या हंगामातील तोटा पुढच्या हंगामात भरून निघतो. गाडी चालविणारा घरचा माणूस मात्र कोणत्याही हंगामात परत मिळत नाही. येत्या बाजाराच्या आदल्या दिवशी आपल्या गाडीचे मागचे दार उघडावे, बैठक दुमडावी आणि ती कशाने धरलेली आहे ते पाहावे. तेथे दोरी आढळल्यास मूळ खटका दुरुस्त करावा, त्याला क्लॅम्पची जोड द्यावी, आणि मगच माल भरावा.